माझ्यात पाणी भरलं तेव्हा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर वाळका भोपळा. खोटं नाही ते. पण मी एकटा नाही, दोन भोपळे आहे. खाली मोठा, वर लहान, मध्ये डिंकाचा सांधा. वरचं तोंड उघडं. हवाई बेटावर मला इपू म्हणतात. हुला नाचाला ताल देणं हा माझा जन्मभराचा धंदा.

माइले ही माझी मालकीण. तिच्या वडिलांनी मला अंगणात वाढवलं, वाळवलं, जोडलं. लेक लग्न होऊन अॅरिझोनात, चँडलरला निघाली तेव्हा मला तिच्या मांडीवर ठेवलं. समुद्राकाठचा मी, वाळवंटात येऊन पडलो.

दोन हजार एक साली माइलेने तिथे हुलाचा वर्ग काढला. तिच्या बेटावरच्या मुली नोकऱ्यांपायी पांगल्या, आणि हळूहळू वर्गात तुमच्याकडच्या बायका दिसू लागल्या. नवरे चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, यांना व्हिसामुळे काम करता येत नाही. त्यातलीच नागपूरची सुलेखा. रोज देवापुढे दिवा लावून, जप करून मगच घराबाहेर पडणारी.

"उजव्या हातात लाट आण, डाव्या हातात वारा," माइले इंग्रजीत सांगायची. "आणि चेहऱ्यावर बेट दिसू दे. तुझ्या चेहऱ्यावर अजून गॅसवरचा कुकरच दिसतोय!"

सगळ्या हसायच्या. सुलेखाही हसायची. "माइलेमावशी, कुकर बंद करूनच आलेय हो," म्हणायची आणि पुन्हा हात उचलायची. माइले मला जमिनीवर आपटायची, कुशीवर बोटं मारायची. धम्, टक् टक्. ते माझे सुखाचे दिवस होते.

वडिलांकडून आलेलं एक लांबलचक गाणं माइलेपाशी होतं. ते लिहायचं नाही, टेप करायचं नाही, तोंडानेच द्यायचं, असा त्यांच्या घरचा नेम. नेम म्हटल्यावर सुलेखाने वही कधी उघडलीच नाही. गाणं अर्धं शिकून झालं आणि दोन हजार सातमध्ये माइलेला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. वर्ग मोडला.

सुलेखा मात्र जात राहिली. एकदा तिने सहज मला वाजवलं, आणि जिला पाणी मागता येत नव्हतं ती माइले गाऊ लागली! शब्द स्पष्ट, सूर नेमका. ताल थांबला की तोंड पुन्हा बंद. दुसरा नवा इपू आणून पाहिला, माइले नुसती बघत राहिली. तिला माझाच आवाज लागायचा. मग दर भेटीत सुलेखा मला वाजवून पुढची एखादी ओळ उचलू लागली. मला वाटलं, गाणं वाचलं.

पुढच्या वर्षी नवरात्र आलं. माइलेमावशींची वाचा परत येऊ दे, असं सुलेखाने देवीला साकडं घातलं आणि मला घरी आणलं.

"आई, दॅट्स अ पम्पकिन!" तिची लेक उर्वी म्हणाली.

"पम्पकिन नाही गं. यंदाचा घट आहे हा. मावशींचा जीव यातच आहे."

"अगं, पाणी राहील का त्यात?" तिचा नवरा उल्हास म्हणाला. "यार, अँटिक पीस आहे तो!"

"अहो, साधूंचा कमंडलू भोपळ्याचाच तर असतो."

मला तोंड होतं, पण वाचा नव्हती. माझ्यात काठोकाठ पाणी भरलं. वर विड्याची पानं, त्यावर नारळ. नऊ दिवस ती उपाशी राहिली, रोज माळ बांधली, दिवा विझू दिला नाही. इतकी माया मला आयुष्यात कोणी केली नव्हती. आणि आतून मी सडत होतो.

दसऱ्याला पाणी उपसून तिने मला उन्हात ठेवलं. चँडलरचं ऊन ते. सांधा तडकला, कूस उलली. तरी हळदकुंकू लावून, कापडात गुंडाळून ती मला घेऊन गेली. माइलेने ओठ ओले केले, हात उचलून धरला. सुलेखाने मला आपटलं.

भद्द.

पुन्हा भद्द.

माइलेचा हात बराच वेळ तसाच वर होता. मग तिने तो सुलेखाच्या डोक्यावर ठेवला. "मावशी, मी तर देवीसाठी..." सुलेखा म्हणाली. तिने काय काय उपाय केले! डिंक लावला, दोरा आवळला. माझा आवाज आला नाही, आणि माइले पुन्हा गायली नाही.

मित्रांनो, त्या बाईच्या भक्तीत खोट नव्हती, म्हणूनच मला तिचा राग येत नाही. पण माइलेची वाचा गेली होती, मान नव्हती गेली. हो-नाही ती मानेनेच सांगायची. 'मावशी, यात पाणी भरू का?' एवढं विचारलं असतं, तर ती मान 'नाही' म्हणून हलली असती. एखाद्याला जपायचं असेल तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आपल्या देवाला आवडतं ते सगळ्यांनाच मानवतं असं नाही.

आता मी सुलेखाच्या गॅरेजमध्ये आडवा पडलेला असतो. ती तिथल्या मशीनवर कपडे धुताना ते गाणं म्हणते. शिकलेल्या ओळी संपल्या की थांबते, पुढची आठवेल म्हणून वाट पाहते. पुढची ओळ तिला कधी मिळालेलीच नाही. मग ती मशीनचं झाकण लावते.