ग्रुपमधला जावई

घरात त्यांना सगळे 'सावधान काका' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा प्रत्येक मेसेज 'सावधान!' या शब्दाने सुरू व्हायचा. सावधान, अनोळखी लिंक उघडू नका. सावधान, ओटीपी कुणाला सांगू नका. सावधान, चार्जिंगला लावलेला फोन उशाशी घेऊन झोपू नका. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'माहिती तंत्रज्ञानाची ओळख आणि ऑनलाइन सुरक्षा' असा एक कोर्स केला, आणि माणूस अर्ध्या हळकुंडाने किती पिवळा होतो ते सगळ्या घराला दाखवून दिलं. प्रमाणपत्राला फ्रेम करून ते दिवाणखान्यात लावलं होतं, स्वतःच्या वडिलांच्या फोटोपेक्षा वर.

त्यांच्या मोठ्या पुतणीला, ताईला, हा माणूस नुसता दिसला तरी कपाळशूळ उठायचा. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर लोकांना दिसेल असं करायचं, आणि घरी आलं की काकांसारख्या डोळे असून आंधळ्या माणसाशी गाठ.

भांडण होतं जावयावरून. ताईच्या धाकट्या बहिणीचं मनगट तिच्या नवऱ्याने मोडलं, तेव्हा ताईने तिला नेसत्या वस्त्रानिशी तिथून काढलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघून दिली. धाकटीने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत काम धरलं. 'जिथे असशील तिथून फरपटत आणीन,' असं नवऱ्याने फोनवर बजावलेलं होतं. पोलिसांत तक्रार दिली, तर तो आला की कळवा, एवढंच उत्तर मिळालं. त्यामुळे खोलीचा पत्ता दोघी बहिणींनी जिवापाड जपला होता.

आणि हा नवरा कुटुंबाच्या ग्रुपमध्ये अजून मानाने बसलेला! ग्रुपचे ॲडमिन काका. दुसऱ्या कुणाला काढण्याचा अधिकार नाही. ताईने आधी विनवलं, मग भांडली.

"अगं, जावई आहे तो," काका म्हणाले. "जावयाला असं ग्रुपमधून काढतात का? लोक काय म्हणतील?"

"मनगट मोडलंय त्याने तिचं."

"ते घरातलं झालं. ग्रुप वेगळा."

दगडावर डोकं आपटलं तर आपलंच फुटतं.

त्यात घरमालकीणबाईंनी खोडा घातला. खोली कायमची देण्याआधी त्यांना म्हणे घरातला कोणी मोठा पुरुष बघायचा होता. दोन कमावत्या बायका समोर उभ्या होत्या, पण त्यांच्या शब्दाला वजन नाही. मिशी हवी. वडील कधीच गेले होते. उरले काका. ताईने नाक मुठीत धरलं आणि त्यांना घेऊन निघाली.

"काका, फोटो काढायचा नाही. पत्ता कुणाला सांगायचा नाही. काकूलासुद्धा नाही."

"मला शिकवतेस? गोपनीयतेवर आख्खा धडा होता आम्हाला. पैकीच्या पैकी गुण आहेत."

खोलीवर पोचल्यावर काकांनी नळ सोडून पाहिला, भिंतीवर टकटक केली आणि 'हं' म्हणाले. घरमालकीणबाईंचं एवढ्यानेच समाधान झालं. ताई दुसरी किल्ली घ्यायला त्यांच्याबरोबर खाली गेली. धाकटीने काकांसाठी चहा ठेवला.

धाकटी खिडकीचा पडदा दिवसासुद्धा ओढलेला ठेवायची. "किती कोंदट गं हे," असं म्हणत काकांनी तो सरकवला.

ताई किल्ली घेऊन वर येते तोच तिच्या हातातला फोन वाजला. ग्रुपवर काकांचा मेसेज होता. 'सावधान! आपली धाकटी सुखरूप आहे. तिचा पत्ता मी पूर्णपणे गुप्त ठेवला आहे. कृपया कुणी विचारू नये.'

खाली फोटो. कप हातात घेऊन खिडकीपाशी उभी असलेली धाकटी, काका सांगतात म्हणून कसनुसं हसणारी. तिच्या मागे, रस्त्यापलीकडे, लाँड्रीची पाटी. दुकानाचं नाव, गल्लीचं नाव, फोन नंबर. भोपळ्याएवढी अक्षरं. वाचायला चष्मासुद्धा नको.

ताईने फोटो मोठा करून काकांच्या नाकासमोर धरला.

"ही पाटी दिसते?"

काकांनी चष्मा लावला. त्याच्या काचा ताईनेच घासलेल्या होत्या. "अरेच्चा! पण मी पत्ता लिहिलेला नाही हां. नीट वाच."

"पुसा तो फोटो. आधी पुसा!"

काकांचं बोट फोनवर भिरभिरत होतं, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. जावयाचा मेसेज. 'खोली छान आहे. उजेड चांगला येतो.'

"बघ!" काकांचा चेहरा उजळला. "किती चांगलं बोललाय. उगाच त्याच्या नावाने खडे फोडत असता तुम्ही."

ताईच्या मनात आलं, या माणसाचा राग तरी का यावा आपल्याला? राग माणसाचा येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि पाषाणावर रागावून काय मिळणार?

धाकटीने कप खाली ठेवला, कॉटखालची बॅग ओढली आणि कपडे भरायला लागली. वाकडं सांधलेलं मनगट दुखत असणार, पण हात थांबत नव्हता. खोली गेली, बेकरीतलं काम गेलं.

"कुठे निघालात?" काका म्हणाले.

"पोलिस चौकीत. पुढचं तिथून बघू," ताई म्हणाली. "तुम्ही बसा. तुमचा जावई येतोय. दाराला कुलूप बघून परत गेला तर लोक काय म्हणतील? पाहुणचार करा त्याचा. चहा तयार आहे."

मग मात्र काकांचा रंग उतरला. दोघी जिना उतरू लागल्या, तसे ते फोन हातात घेऊन मागोमाग आले. "अगं, थांबा! काढतो त्याला ग्रुपमधून. आत्ताच्या आत्ता काढतो. फक्त... ते कुठून काढायचं? बटण कुठलं?"

ताई पायरीवरच थबकली. मागे वळून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला येतच नव्हतं?"

काका फोनची स्क्रीन उगाच वरखाली सरकवत राहिले.

"लोक काय म्हणतील, जावयाचा मान, हे सगळं त्यासाठी? मला विचारायचं होतं, काका. मी शिकवलं असतं."

"तुला?" काका म्हणाले. एवढ्या भीतीतही त्यांची मान ताठ झाली. "मी तुला विचारू?"

धाकटीने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "ताई," ती म्हणाली, "चल."