पाय काय म्हणतोय?

मित्रांनो, मला जुनी म्हणालात तर मला राग येणार नाही. चपटी म्हणालात तर थोडा येईल, कारण ते खरं आहे. मी व्यायामशाळेतली गादी आहे. उंच दांडीवर कोलांट्या मारून मुली खाली उतरतात ना, त्या माझ्यावर उतरतात.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराने स्पंजाचे थर एकावर एक रचले, वरून जाड कापड ओढलं आणि दाभणाने मला चारी बाजूंनी शिवलं. शिवून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर धपकन बसला आणि म्हणाला, "आता कुणीही पडू दे." तेवढाच काय तो मला मिळालेला आशीर्वाद.

व्यायामशाळेत मुलींना एक बाई शिकवायच्या. आवाज खणखणीत, गुडघे मात्र कुरकुरणारे. त्यांचा एक रिवाज होता. मुलगी माझ्यावर उतरली की बाई विचारायच्या, "पाय काय म्हणतोय?" उत्तर दिल्याशिवाय कुणालाही पुन्हा दांडीला हात लावता येत नसे. मुलीही काय एकेक उत्तरं द्यायच्या. "पाय म्हणतोय, घरी चला." "पाय म्हणतोय, भूक लागली." बाई हसायच्या, पण डोळे पायावरच.

याच मुलींत एक काटकुळी पोर होती. हातापायांच्या नुसत्या काड्या, म्हणून सगळे तिला नाकतोडा म्हणत. इतर मुली चपला घालून घरी निघायच्या तेव्हा ही हाताला खडूची पूड चोळून पुन्हा दांडीखाली उभी. पडायची, उठायची, परत पडायची. तिच्या जिद्दीने माझे दोन थर दबले, पण मी कधी तक्रार केली नाही.

एकदा ती उतरली आणि घोटा मुरगळला.

"पाय काय म्हणतोय?"

"बोंब मारतोय, बाई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पुढे दोन महिने बाईंनी तिला दांडीच्या वाऱ्याला उभं केलं नाही. ती रोज यायची, माझ्यावर लोळायची, पडल्या पडल्या हातांचे व्यायाम करायची आणि बाईंच्या नावाने बोटं मोडायची. बाई निमूट तिच्या घोट्यावर बर्फ धरून बसायच्या. तिची आसवं माझ्या कापडात जिरली. तो डाग अजून आहे.

नंतर ती स्पर्धेत पहिली आली. देशभर नाव झालं. आमच्या व्यायामशाळेत तिचा सत्कार झाला तेव्हा ती माझ्यावरच उभी होती. एका पत्रकाराने यशाचं रहस्य विचारलं. ती म्हणाली, "पाय सुजला होता, पण मी सराव एक दिवससुद्धा चुकवला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं काहीच नव्हतं, मित्रांनो. ती रोज येत होतीच. पण बर्फ, बाई आणि मी, आम्ही तिघं त्या वाक्यातून गळालो होतो. तरीही त्या टाळ्या ऐकून माझाही ऊर भरून आला, ही गोष्ट आठवली की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग भिंतीवर मोठं पोस्टर लागलं. तिचा फोटो आणि खाली अक्षरं: 'दुखलं, पण थांबले नाही.' तेव्हापासून बाईंनी विचारायच्या आधीच, मुली हवेत असतानाच ओरडू लागल्या, "मजेत, बाई!" कुणी तोंड वाकडं केलं की बाकीच्या पोस्टरकडे बोट दाखवायच्या. दुखण्याचीच लाज वाटू लागली सगळ्यांना.

पुढे नवी निळी गादी आली आणि माझी रवानगी भिंतीकडे झाली. माझ्यावर दप्तरं पडू लागली.

अशी वर्षं गेली आणि एक दिवस नाकतोडा परत आली. आपल्या शिबिरासाठी तिला इथली एक मुलगी निवडायची होती. आल्या आल्या म्हणाली, "माझी गादी कुठंय? तिच्यावरच फोटो काढू." मला झटकून दांडीखाली ओढण्यात आलं.

सगळ्यांची आशा गोटीवर होती. गोटी म्हणजे एक गोलमटोल, चपळ मुलगी. नाकतोड्याच्या पोस्टरला नमस्कार केल्याशिवाय ती सरावाला लागत नसे. तिने दांडीवर झोके घेतले, गिरकी घेतली आणि माझ्यावर उतरली. बघणाऱ्यांना ती सुरेख उतरली असं वाटलं. मला मात्र कळलं, डावी टाच टेकलीच नव्हती.

"मजेत!" गोटी म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. "पुन्हा करून दाखवू?"

मला बोलता येत नाही. पण माझं कापड वास चटकन धरतं. फोटोसाठी नाकतोडा माझ्यावर वाकली आणि थबकली. मलमाचा तो उग्र वास तिच्या चांगला ओळखीचा होता.

"गोटी, इकडे ये. पाय काय म्हणतोय?"

"मजेत आहे, ताई."

"मजेतल्या पायाला मलम कशाला लागतं?"

गोटीचे कान लाल झाले. "तुम्हीपण थांबला नव्हतात ना. तिथं लिहिलंय."

नाकतोड्याने पोस्टरकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि मटकन माझ्यावर बसली.

"ते अर्धंच आहे गं," ती खाली बघत म्हणाली. "मी दोन महिने थांबले होते. ह्याच गादीवर. रडत होते आणि बाई बर्फ लावत होत्या."

"मग तसं का नाही सांगितलंत?"

"टाळ्या वाजल्या. मग पुढचं सांगायची हिंमत झाली नाही."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.  नाकतोड्याच्या तळहातांना सुटलेला घाम मला जाणवत होता.

बाई म्हणाल्या, "तुझं पोस्टर माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतं, बाळ. मी रोज विचारते, आणि रोज हरते."

नाकतोडा उठली. स्टूल ओढून तिने पोस्टर स्वतःच्या हाताने काढलं. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ दिसू लागला.

"मग माझी निवड?" गोटीने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"जागा तुझीच. पाय बरा होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण आधी खरं सांग."

 गोटीचा बांध फुटला. "टाचेत दुखतंय. जिना चढतानासुद्धा. आईलाही नाही सांगितलं." आणि तिने माझ्यात तोंड खुपसलं. ती ओल माझ्या ओळखीची होती. त्याच डागाशेजारी आता दुसरा डाग आहे. नाकतोड्याने तिची टाच मांडीवर घेतली आणि बाई कुरकुरत्या गुडघ्यांनी बर्फ आणायला गेल्या.

मित्रांनो, हल्ली मी दांडीखाली नसते. ज्याचा पाय दुखतोय त्याने माझ्यावर बसावं, असं ठरलंय. आणि बसणाऱ्याला कुणी हसत नाही. तुम्ही जिद्द जरूर धरा. पडा, खुशाल पडा. तो भार आम्ही गाद्या सोसू. फक्त एक काम आमच्याच्याने होत नाही, ते तुम्ही करा. शेजारी कुणी पडलं तर त्याला विचारा, पाय काय म्हणतोय. आणि खरं उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.