चारशे नंबरचा पेपर

सहा वर्षांत दादा माझ्या गॅरेजची पायरी चढला नव्हता. मंगळवारी दुपारी आला तो थेट आत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू बाकावर ठेवली आणि माझ्याऐवजी समोरच्या बंपरकडे बघत म्हणाला, "रंग धरत नाही."

कागद सोडला. आत फोटोफ्रेम. प्लॅस्टिकची, चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी. मी ती लगेच ओळखली, कारण ती मीच आणली होती. आमच्याकडे तीन पिढ्या लाकडाला पॉलिश करायचा धंदा. मीच एकटा त्यातून उठलो आणि गाड्यांच्या प्लॅस्टिकला रंग मारायचं हे गॅरेज काढलं. पहिल्या कमाईतून बाबांच्या फोटोसाठी ही फ्रेम आईला नेऊन दिली. घरात पाहुणे, पंगत बसलेली. दादाने फ्रेम बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाला, "लाकूडवाल्यांच्या घरात हा डबा?" सगळे हसले. मी भरल्या ताटावरून उठलो, तो पुन्हा त्या घरात गेलो नाही. आईला भेटायचं तर ताईकडे. फ्रेम केव्हाच भंगारात गेली असणार, असं मी धरून चाललो होतो.

"आईला हवीय," दादा म्हणाला. "सोनेरी. होती तशी."

"नवी घे की. बाजारात ढिगाने मिळतात."

"तिला हीच हवीय म्हटलं ना."

एवढं बोलून गेलासुद्धा. मी काम घेतलं. मोठेपणा वगैरे काही नव्हता. दादाला जे जमलं नाही ते मला जमतं, हे दाखवायची संधी कोण सोडेल?

बुधवारी सकाळी फ्रेम साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली आणि नखाने जुना रंग काढायला बसलो. रंग कांद्याच्या सालीसारखा सुटून येत होता. वर सोनेरी, त्याखाली पिवळट, त्याखाली पुन्हा सोनेरी, जरा काळपट. कंपनीचा रंग सोडून असे चार थर निघाले. एका कोपऱ्यातली वेलबुट्टी वितळून सपाट झालेली, म्हणजे तिथे थिनरचा बोळा फिरवलेला. आणि एवढा खटाटोप करूनही प्लॅस्टिकवर घासल्याची एक खूण नाही.

मला हसू आलं. हे दादाचंच काम. लाकूड घासायचं ते गुळगुळीत होईपर्यंत. प्लॅस्टिक तर मुळातच गुळगुळीत, मग घासायचं कशाला? पस्तीस वर्षं खरखरीत होतं ते गुळगुळीत करत आलेल्या माणसाला उलटं सुचणार तरी कसं? पण प्लॅस्टिकची चकाकी चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मारल्याशिवाय त्यावर काही टिकत नाही. हे माझ्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

तीन बाजू घासून झाल्या तेव्हा डोक्यात आलं, चार थर म्हणजे चार वेळा. हसू गेलं. मी आईला फोन लावला.

"बाबांच्या फोटोची फ्रेम मागितलीस का गं?"

"मी कशाला मागू बाबा? मला आता डोळ्यांनी भिंत कुठली नि दार कुठलं ते दिसेना. तोच बसतो वर्ष-दीड वर्षाने रंगवत. रंग सुटला की चिडतो. तुझी वहिनी म्हणाली टाकून द्या, तर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही."

सहा वर्षं जपलेला राग असा कामाच्या मध्येच हातातून गेला, की माणूस मूर्खासारखा बसून राहतो. मी अर्धा तास बसलो. चौथी बाजू घासली नाही.

गुरुवारी दादा आला. मी त्याच्या हातात पेपर दिला. "एक बाजू राहिलीय. तू घास."

त्याने घासलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "अरे, ओरखडे पाडलेस की सगळीकडे!"

"पाडायचेच असतात. त्याशिवाय प्रायमर धरत नाही."

"इतकी वर्षं बोलला नाहीस ते."

"तू विचारलंस कुठे?"

दादा स्टुलावर बसला. आधी नुसता पेपर फिरवत होता. मी म्हणालो, जोर लाव, तेव्हा लावला. प्लॅस्टिकला लाकडासारख्या रेषा नसतात, तरी हा सवयीने एकाच दिशेने घासत राहिला. मी त्याला टोकलं नाही. आईला फोन केल्याचंही सांगितलं नाही.

"तेव्हा डबा म्हणायला नको होतं," खाली मान घालून तो म्हणाला.

"नकोच होतं." खोटं कशाला बोला?

त्याने चौथी बाजू संपवली. मी धूळ पुसून प्रायमरचा पातळ हात मारला. "उद्या सोनेरी मारतो. मग एक दिवस कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे रविवारी न्यायला येऊ?"

"तू नको येऊस. मी घेऊन येतो."

दादाने हाताची पांढरी धूळ पँटला पुसली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"जेवायच्या वेळेला ये," म्हणाला. "त्या दिवशीचं राहिलंय तुझं."