राखीव माणूस

सरकारी विमानात जितक्या खुर्च्या, त्याहून जास्त माणसं तळावर आणली जायची. आश्रय नाकारलेल्यांपैकी काहींची देशाबाहेर रवानगी कोर्ट ऐनवेळी थांबवायचं, आणि रिकामी खुर्ची सरकारला परवडत नसे. त्या खुर्च्या भरायला राखीव माणसं.

दोघा भावांपैकी थोरला पक्की खुर्ची असलेल्यांत होता, धाकटा राखिवांत.

"तू नवरदेव, मी नुसता वऱ्हाडी," धाकटा बाकावर सरकत म्हणाला.

"गप रे."

त्यांच्या वकीलबाईंनी थोरल्यापुरतीच कोर्टात दाद मागितली होती. धाकट्यासाठी मागता येत नव्हती. ज्याची जागाच पक्की नाही, त्याच्यावर अजून अन्याय झालेला नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं.

जेवणं उरकल्यावर पहारेकरी आला. "मोठे भाऊ, चला. स्थगिती मिळाली तुम्हाला."

धाकट्याने थोरल्याला मिठीच मारली. "म्हटलं नव्हतं? आधी वहिनीला फोन कर."

"तुम्हीपण उठा," पहारेकरी धाकट्याला म्हणाला. "खुर्ची रिकामी झाली."

"कोणाची?" थोरल्याने विचारलं.

"तुमचीच की."

थोरला उभाच राहिला. "मग नको मला स्थगिती. मी जातो, याला सोडा."

"असं कसं, दादा? कोर्टाचा हुकूम आहे. तुम्हाला चढवलं तर माझी नोकरी जाईल." आणि त्याने थोरल्यापुढे पाण्याचा पेला धरला.

धाकट्याला नेलं. थोरल्याने वकीलबाईंना फोन लावला.

"म्हणजे आता त्याची जागा पक्की झाली," त्या घाईने म्हणाल्या. "आता दाद मागता येईल. मी कोर्टातच आहे. पण विमानाचं दार लागलं की सगळं संपलं. त्याला सांगा, अडून बस. जिन्यात बसकण मार, पण चढू नकोस."

थोरला खिडकीकडे धावला. खाली रांग विमानाच्या जिन्याशी पोचली होती. त्याने दोन्ही तळव्यांनी काच बडवली, नको नको म्हणून हात हलवले, खाली बस म्हणून खुणा केल्या.

"हळू, दादा. काच सरकारी आहे," पहारेकरी म्हणाला.

धाकट्याने वर पाहिलं. भाऊ निरोप देतोय असं त्याला वाटलं. त्यानेही दोन्ही हात उंचावून हलवले. मग मागच्यांचा खोळंबा नको म्हणून तो भरभर जिना चढून गेला.