पाडव्याची वाट पाहणारे घर

मित्रांनो, मी एक जुने लाकडी घर आहे. कॅनडातल्या रेजिना शहरापासून गाडीने चाळीस मिनिटांवरच्या एका लहान गावात उभे आहे. उभे आहे म्हणायचे, एवढेच. आता फार बोलवत नाही, पण हकिगत सांगून टाकते.

एका सुताराने मला स्वतःच्या संसारासाठी बांधले. "या घरात वारा शिरत नाही," असे लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. पुढे म्हातारा वारला. मुले फिरकली नाहीत. प्रॉपर्टी टॅक्स थकला, तेव्हा गावाने माझ्या कागदांवर बोजा चढवला आणि वसुलीसाठी मला विकायला काढले.

२०१७ च्या नोव्हेंबरात नंदन नावाच्या नागपूरकराने मला आत न पाहताच घेतले. अशा विक्रीत आत पाहूच देत नाहीत. त्याची सगळी बचत माझ्यात गेली. थोडी वर्षे राहायचे, मग मला विकून मोठे घ्यायचे, असा त्याचा बेत. त्याच्या बायकोला, यामिनीला, जूनमध्ये बाळ होणार होते. भाड्याच्या बेसमेंटमधून, म्हणजे तळघरातल्या खोल्यांतून, ती माझ्याकडे यायची होती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

नंदनने पाणी सुरू करून नळ तपासले. यामिनी म्हणाली, "अरे, सॉलिड आहे घर! गॅसचं हीटिंग ऑन करून जाऊ या ना."

"आईनं गुढीपाडव्याचा मुहूर्त काढलाय. गृहप्रवेशाआधी घरात काही पेटवायचं नाही म्हणाली."

"आणि पाइपमधलं पाणी?"

"पाणी काय पळून जातंय?"

पाणी सुरूच राहिले आणि दार बंद झाले. जानेवारीत पारा उणे पस्तीसवर गेला, पाणी गोठले आणि माझे पाइप फुटले. मार्चच्या उन्हाने पाइपांतला बर्फ वितळला तसे पाणी भिंतींतून वाहू लागले. मला हाकही मारता येईना.

पाडव्याला दोघे नवे कपडे घालून आली. माझे तळघर पाण्याने भरले होते, छत खाली आले होते. यामिनी ओरडली नाही. पोटावर हात ठेवून एवढेच म्हणाली, "मी विचारलं होतं रे तुला."

बाळ झाले, असे शेजारी बोलताना ऐकले. ते भाड्याच्या बेसमेंटमध्येच आहे. मी दुरुस्तीपलीकडे गेले, म्हणून सोमवारी मला पाडायला माणसे येणार आहेत.

मित्रांनो, मुहूर्त जरूर पाहा. पण ज्या घरात राहायला जायचे, त्याला तोवर थंडीत टाकू नका. त्या बाळाचे रडणे ऐकायची माझी फार इच्छा होती.