उंबऱ्याबाहेरची राख

मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला त्या साली तलासरीजवळच्या एका पाड्यावर, हाल्याच्या घरी त्याच्या मुलीसाठी, रूपीसाठी, लहान्या राहायला आला. मुलीच्या बापाला देज द्यायची ऐपत नसली की पोराने लग्नाआधी सासऱ्याकडे राबायचं, ही तिथली जुनी रीत. त्यात जावई पारखून घेता येतो म्हणतात. पारखणार कोण? हाल्याला तर कापलेल्या गवताचे भारे तेवढे दिसत होते. पोरगा कामाला वाघ होता, आणि हाल्या पाडाभर त्याचे गोडवे गात फिरे.

रोज सकाळी उंबऱ्याबाहेर चुलीतली राख पसरलेली असे. हाल्याची बायको जानी ती बघून हात जोडी. घराला नजर लागू नये म्हणून लहान्याने भगताकडून मंतरून आणलेली असणार! केवढी काळजी! बाई राखेला पाय न लावता लांब ढांग टाकून बाहेर पडे.

एका सकाळी लहान्या त्या राखेशी उकिडवा बसलेला दिसला. राखेत पावलं उमटली होती. त्याने रूपीचा घोटा धरला आणि तिचं पाऊल एका ठशावर दाबलं.

"तुझाच हाय. रातची कुठं गेलेली?"

"परसाकडं," रूपी पुटपुटली.

"कोणाला इचारून?"

जानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या राखेला तिने हात जोडले होते! लहान्याइतकीच तिला स्वतःची चीड आली. तिने खराटा उचलला.

"सोड तिचा पाय! राखणीला कुत्रा हाय आमच्याकडं, जावई नको!"

"उद्या माझी बायको होणार ती."

"होणार? तोंड काळं कर आधी!"

हाल्या धावत आला. "जानी, गवत उभा हाय अजून. कापील कोण? आन् हात तरी उगारलाय का त्यानं?"

"उगारायची वाट बघू? गवत तू काप, नायतर जळू दे!"

लहान्या विळा आणि कांबळं घेऊन, अंगणात थुंकून निघून गेला. हाल्या डोक्याला हात लावून बसला. सुटली पोर, असं जानीला वाटलं.

दुपारी पाड्यावरच्या पोरी पाण्याला निघाल्या. त्यांनी हाक मारली तशी रूपीने हंडा उचलला, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"आये, जाऊ?"

जन्मात तिने असं कधी विचारलं नव्हतं. जानी कडाडली, "मला काय इचारतेस? जा!"

रूपी दचकली. तिने हंडा खाली ठेवला आणि भिंतीशी अंग चोरून बसली.