पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी

आमच्या गावाच्या आपत्ती आराखड्यात पट्टीच्या पोहणाऱ्यांची एक यादी आहे, आणि तिच्यात पहिलं नाव माझ्या मुलाचं, कुलदीपचं. तो पाच वर्षांपासून हैदराबादला आहे. तिथून वैनगंगेत उडी घ्यायची तर फारच लांब पडेल, हे मलाही कळतं. मी ग्रामपंचायतीचा शिपाई आहे, अगदीच दगड नाही.

गेला तो माझ्यामुळे. पुराच्या वर्षी कमरेला दोर न बांधता तो पाण्यात शिरला आणि छपरावर अडकलेल्या उषाबाईंना पाठीवर घेऊन आला. सगळं गाव त्याची वाहवा करत होतं. तोवर मी काठावर अर्धा मेलो होतो. तो बाहेर येताच सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात ठेवून दिली. आठ दिवसांत त्यानं बॅग भरली.

आराखडा दर मे महिन्यात ताजा करायचा असतो. ताजा म्हणजे काय, वरची तारीख बदलायची. यादीतला प्रत्येक नंबर लावून बघायचा, हा नियम मात्र मी एकट्यानं धरून ठेवला. त्या निमित्तानं वर्षातून एकदा कुलदीपला फोन व्हायचा.

"ग्रामपंचायतीतून बोलतो. कुलदीप सेवकराम?"

"हो."

"गावात उपलब्ध?"

तो म्हणायचा, "उपलब्ध."

मी टिक करायचो. एवढ्याशा खोट्यावर माझं वर्ष निघायचं. आवाज बरा वाटला की दोन दिवस जेवण गोड लागायचं.

यंदा रक्षा मॅडम नव्या ग्रामसेविका म्हणून आल्या. त्यांनी सराव ठेवला. भोंगा वाजला की यादीतल्यांनी अर्ध्या तासात घाटावर हजर व्हायचं. सहांपैकी दोघं आले, त्यातल्या एकाच्या हाताला प्लास्टर.

"काका, हा पहिल्या नंबरचा कुठं आहे?"

"हैदराबादले."

"मग नाव काहून ठेवलं? उद्या कोनी बुडून राहिलं, त आपन याची वाट पाहत बसाचं का?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

दुपारी पंचायतीत कोणी नसताना मी फोन लावला.

"कुलदीप सेवकराम? गावात उपलब्ध?"

"उपलब्ध."

"खरं सांगा. नाव कापाचं आहे."

मग तो म्हणाला, "नाही. आपल्या गल्लीतल्या मोनूचं लिहा. त्याले मीच पोहाले शिकवलं. दोर बांधल्याबिगर जाऊ नको म्हनून सांगजा त्याले."

मी नाव खोडलं, मोनूचं लिहिलं. आता पुढच्या मे महिन्यात कुलदीपला फोन करायला मला काही निमित्तच उरलं नाही. मला तो घरात हवा होता, माझ्यासमोर जेवायला बसलेला. पाच वर्षांत हे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं, आणि तेव्हाही निघेना.

"बाबा," तो म्हणाला, "मंग आता मले फोन कायले कराल?"

"काम त काही राहिलं नाही."

"बिनाकामाचा करून पाहा. मी ठेवतो. तुमी लावा."

त्यानं खरंच ठेवला. मी पुन्हा नंबर लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"हां, बाबा."

मला रडू फुटलं. त्यानं फोन ठेवला नाही.